पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी सोडू का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ३४ वर्षांची आहे. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात अकरा वर्षं नोकरी. मुलगी सहा वर्षांची, धाकटा मुलगा सव्वा वर्षाचा. बाळंतपणाची रजा संपवून ती पुन्हा कामावर रुजू झाली आहे. पाळणाघराची फी, मुलीला शाळेनंतर सांभाळणाऱ्या बाईंचा पगार आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा केला की तिच्या पगाराचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. एका संध्याकाळी नवऱ्याने वही उघडून हा हिशेब पुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘एवढ्यासाठी ही ओढाताण कशाला? चार-पाच वर्षं घरी राहा, मग बघू.’ सासूबाईंचं म्हणणं, लोक नावं ठेवतात. नणंद स्वीडनमध्ये राहते, दोन मुलं सांभाळून पूर्णवेळ नोकरी करते. तिच्या मते ‘मनात असलं की सगळं जमतं.’ कॉलेजची मैत्रीण जर्मनीत इंजिनियर आहे, मुलं झाल्यापासून अर्धवेळ काम करते. ती म्हणते, ‘इथेही सगळ्या हेच करतात, वाईट वाटून घेऊ नकोस.’ पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत: माझ्यातच जिद्द कमी आहे का? नोकरी सोडली तर परत मिळेल का? आणि सोडायची नसेल तर अर्धवेळ मागू का?

तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, म्हणून सुरुवात त्या वहीपासूनच करते. ते पान साधारण असं असणार: वर तुमचा पगार, त्याखाली पाळणाघर, मग सांभाळणाऱ्या बाई, मग प्रवास, शेवटी दोन रेघा आणि खाली उरलेला छोटासा आकडा. वजाबाकी बिनचूकच असेल. पण हाच कागद ऑफिसात एखाद्या नवख्या मुलाने तुमच्या टेबलावर ठेवला असता, तर तुम्ही पहिल्यांदा विचारलं असतं की हा खर्च या खात्यावर का टाकलाय? मुलं दोघांची. पाळणाघर आहे म्हणून कामावर जाता येतं तेही दोघांना. फी मात्र सगळीच्या सगळी तुमच्या नावे. नवऱ्याच्या पगाराखाली एकही वजाबाकी नाही. त्यांचा पगार म्हणजे घराचं उत्पन्न आणि तुमचा म्हणजे वरखर्चाची सोय, हे आधीच ठरलेलं होतं. हिशेब नंतर लिहिला गेला.

नवऱ्याला बोल लावायला हे सांगत नाही. पत्रावरून माणूस समंजस वाटतो. आदळआपट केली नाही, वही उघडून बोलले, हेही कमी नाही. आणि ही चूक घरातच होते असं कुठे आहे? सरकारं ती कायदा करून करतात. जर्मनीत १९५८ पासून नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून त्याचे दोन सारखे भाग पाडतात आणि त्यावर कर लावतात. एकाची कमाई मोठी आणि दुसऱ्याची छोटी असली की घराचा कर चांगलाच वाचतो. छोटी कमाई वाढू लागली की ही बचत आटत जाते. ती छोटी कमाई बहुतेक घरांत बायकोची, त्यामुळे तिने तास वाढवले तर हातात पडणारा पैसा तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. जपानमध्ये लोक कित्येक वर्षं ‘१०३ मानची भिंत’ म्हणत आले, म्हणजे वर्षाला १० लाख ३० हजार येन. कमाई त्यापुढे गेली की आयकर सुरू व्हायचा, शिवाय नवऱ्याच्या कंपनीकडून मिळणारा बायकोचा भत्ता जाईल ही धास्ती. म्हणून वर्षअखेर आली की कितीतरी अर्धवेळ काम करणाऱ्या बायका आपण होऊन कामाच्या पाळ्या कमी करून घेत. आळस म्हणून नव्हे, जास्त काम केलं तर घरात कमी पैसे येतील म्हणून. तुमच्या नवऱ्याची वही आणि ही भिंत यांत मला फारसा फरक दिसत नाही.

स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोवर एकत्र कर लावणं बंद केलं आणि ज्याच्या-त्याच्या कमाईवर वेगळा कर सुरू केला. म्हणजे तुमच्या नणंदेच्या देशात ही वही पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच बदलली.

तेव्हा नणंदेबद्दल. ‘मनात असलं की जमतं’ हे त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्या अनुभवाने ते खरंच आहे. पण त्यांच्या अनुभवाच्या खाली काय काय आहे ते बघा. बाळंतपणाच्या रजेऐवजी आई-बाप दोघांना मिळून पालकत्वाची रजा देणारा स्वीडन हा पहिला देश, साल १९७४. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस मिळतात. त्यातले ९० आईचे आणि ९० बापाचे राखीव. बापाने त्याचे घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. मूल एक वर्षाचं झालं की त्याला बालवाडीत जागा द्यायला नगरपालिका बांधील आहे, आणि आई-बापांकडून किती फी घ्यायची यावर २००२ पासून कमाल मर्यादा आहे. नणंदेच्या घरी वही उघडली तरी पाळणाघराची ओळ इतकी छोटी असेल, की नोकरी सोडायचा विषयच निघणार नाही. त्यांची जिद्द नाकारायचं कारण नाही. पण तुमची जिद्द मोजायला त्यांची पट्टी चालणार नाही.

मैत्रिणीकडे तर इंजिनियरिंगची पदवी आहे. जिद्दीचा प्रश्न असता तर तिने अर्धवेळ का धरावं? पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायद्यातच लिहिलेलं होतं की बायकोने संसाराच्या जबाबदाऱ्या सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करावी. शाळा दुपारीच सुटायच्या, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं नावापुरती. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळायचा हक्क आला तो थेट ऑगस्ट २०१३ मध्ये. देश विभागलेला होता त्या काळात सीमेपलीकडच्या पूर्व जर्मनीत मात्र सरकारला झाडून सगळ्या बायका कामावर हव्या होत्या, आणि त्यासाठी जागोजागी पाळणाघरं होती. १९९० मध्ये दोन्ही देश एक झाले. भाषा एक, कायदे एक, आता तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. तरी आजही पूर्वेकडे तीन वर्षांखालची मुलं पाळणाघरात जाण्याचं प्रमाण जास्त आहे आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या आयाही जास्त आहेत. ज्या भागात आपली आई कामावर जात होती तिथे मुलीलाही ते साधं वाटतं. जिथे आई घरी होती तिथे मुलीच्या मनाला टोचणी लागते. एखादी गोष्ट आपल्या मनात असणं-नसणं हेही असं बाहेरून घडत येतं. तुम्ही स्वतःला दूषणं देता आहात ती मला म्हणूनच पटली नाहीत.

२०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी सहा देशांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले की पहिलं मूल झाल्यावर पुढच्या पाच-दहा वर्षांत आईची कमाई बापाच्या तुलनेत किती मागे पडते. डेन्मार्कमध्ये सुमारे २१ टक्के, स्वीडनमध्ये त्याहून थोडी जास्त, अमेरिकेत ३१ च्या आसपास, ब्रिटनमध्ये ४४, जर्मनीत ६१. आलेखावर मूल होईपर्यंत दोघांच्या कमाईच्या रेघा जोडीने चालतात. मग आईची रेघ धाडकन खाली येते आणि परत पूर्वीच्या उंचीवर जात नाही. बापाची रेघ सहाही देशांत जवळजवळ तशीच सरळ. म्हणजे नणंदेच्या स्वीडनमध्येही आया फुकट सुटलेल्या नाहीत, फक्त खड्डा उथळ आहे.

आणि जिद्दीचा प्रश्न विचारायची सोय तरी बायकांना कधीपासून मिळाली? फ्रान्समध्ये नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायचा हक्क विवाहित बाईला १९६५ मध्ये मिळाला. आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की तिला राजीनामा द्यावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये नवरा बायकोला नोकरी करायला मनाई करू शकत होता, ते बदलणारा कायदा १९८८ मध्ये लागू झाला. या बायकांच्या मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, एवढं हे जवळचं आहे.

आता थोडं उलटं बोलते, कारण ‘काम करते ती पुढारलेली’ हा हिशेबही माझ्या गळी उतरत नाही आणि तुमच्या पत्रात तो कुठेतरी दडून बसलाय. मादागास्कर, मोझांबिक इथे काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण इटलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथे बायकांपुढे पर्यायच नाही, त्या शेतात राबल्या नाहीत तर घर चालत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी अमेरिकेतल्या बायकांच्या दोनशे वर्षांच्या कामाचा माग काढला, आणि निघालेली रेघ सरळ वर जाणारी नाही. शेती आणि घरच्या धंद्याच्या काळात बायका कामात होत्या. कारखाने आले, काम घरापासून दूर गेलं, तशा विवाहित बायका कमाईतून बाहेर पडत गेल्या. मग कचेऱ्या, दुकानं, शाळा वाढल्या आणि विसाव्या शतकात त्या परत आल्या. भारताचाच आकडा घ्या. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग सरकारी पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. वाचून बरं वाटतं. पण वाढ मोठ्या प्रमाणावर ग्रामीण भागातली आणि स्वयंरोजगारातली आहे, आणि त्यात घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्या बायकाही मोजल्या आहेत. त्या पूर्वीही राबतच असतील. तेव्हा नुसतं ‘काम करते का’ हे विचारून भागत नाही. काम केल्यावर पैसा कोणाच्या हातात पडतो, ते काम उद्या सुटलं तर दुसरं मिळेल का, घरातल्या निर्णयात तिचा शब्द चालतो का, हेही विचारावं लागतं. तुमच्या नोकरीला हे प्रश्न लावून बघा. उरलेला पाचवा हिस्सा हा त्या नोकरीचा एकमेव फायदा आहे का?

दुसरा प्रश्न: सोडली तर परत मिळेल का. नोकरी मिळेल. हीच मिळेल का, याच पायरीवर मिळेल का, याची खात्री कोणी देणार नाही. शिकागो विद्यापीठातून एमबीए झालेल्या स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पदवी घेताना दोघांचे पगार जवळपास सारखे. दहा-पंधरा वर्षांनी पुरुष बरेच पुढे. या फरकाची मोठी कारणं दोन निघाली, मधेच सोडलेली नोकरी आणि कमी केलेले तास, आणि दोन्हींच्या मुळाशी मुलं. एमबीएची दुनिया तुमच्या-माझ्यासारखी नव्हे, हे मान्य. पण लहान खंडसुद्धा पुढे वर्षानुवर्षं पगारात दिसत राहतो, ही गोष्ट इतर क्षेत्रांनाही लागू पडते.

वहीतल्या दुसऱ्या चुकीकडे येऊ. नवऱ्याने या महिन्याचं पान लिहिलं आहे. पाळणाघराची फी तीन-चार वर्षांत संपते. पगाराची वाढ, बढती, निवृत्तीसाठी साठणारी रक्कम पुढची पंचवीस वर्षं चालू राहते. ज्या खर्चाचा फायदा इतकी वर्षं मिळणार आहे तो तुम्ही ऑफिसात एकाच वर्षाच्या नफ्यातोट्यात टाकाल का? भांडवली खर्च म्हणून दाखवाल. तेच घरी करा. एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात नोकरी चालू ठेवली तर पुढच्या दहा वर्षांत दरवर्षी घरात काय येईल आणि काय जाईल. दुसऱ्यात पाच वर्षं घरी राहून मग आजच्यापेक्षा कमी पगारावर सुरुवात केली तर काय होईल. पाळणाघराची फी दोन्ही पगारांवर त्यांच्या प्रमाणात वाटा. नवरा आजारी पडला, त्यांची नोकरी गेली, अशी एखादी वाईट शक्यताही धरा. घरात दुसरा पगार असणं हा एक विमाच आहे आणि त्याचा हप्ता त्या वहीत कुठेच दिसत नाही. हा कागद दोघांनी मिळून लिहायचा. तुम्ही एकटीने लिहून समोर ठेवलात तर तो वकिली युक्तिवाद वाटेल.

कागद लिहूनही घरी राहावंसं वाटलं तर? तर राहा. मी नोकरीची वकील नाही. मूल लहान असताना त्याच्याजवळ असावंसं वाटणं याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण मग ते ‘फीपेक्षा पगार थोडाच जास्त आहे’ म्हणून करू नका, तुम्हाला हवं आहे म्हणून करा, आणि अटी आधी ठरवा. घरखर्चाशिवाय दरमहा ठराविक रक्कम तुमच्या नावच्या खात्यात जाईल. निवृत्तीची बचत थांबणार नाही, ती नवऱ्याच्या पगारातून भरली जाईल. ‘मग बघू’ ऐवजी कामाला परत लागायचा महिना आणि वर्ष ठरेल. कर आणि हिशेबाचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून अभ्यासक्रमाला आणि थोड्याफार बाहेरच्या कामाला आठवड्यातले काही तास राखीव राहतील. या अटी ऐकून घरात कोणाचा चेहरा पडला, तर हा निर्णय कोणाच्या सोयीसाठी होत होता ते तुम्हाला कळेल.

एक गोष्ट मात्र खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात पाळणाघराच्या फीबद्दल दोनदा लिहिलंत, पाळणाघर कसं आहे याबद्दल एक शब्द नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली. आया मोठ्या संख्येने कामावर आल्या. पण पुढे काही अर्थतज्ज्ञांना असंही दिसलं की मुलांच्या चिडचिडीत आणि अस्वस्थपणात वाढ झाली. त्यावर वाद आहेत, पण स्वस्त जागा घाईने वाढवल्या की प्रत्येक जागा चांगली असेलच असं नाही, हे कोणालाही पटेल. तेव्हा एकदा ठरल्या वेळेच्या तासभर आधी मुलाला आणायला जा आणि बघा. एका ताईकडे किती बाळं आहेत? गेल्या वर्षभरात ताया किती बदलल्या? तुमचं बाळ कोणाच्या कडेवर शांत होतं? उत्तरं वाईट निघाली तर आधी पाळणाघर बदला. नोकरीचा विषय त्यानंतर काढा.

सासूबाईंच्या ‘लोक नावं ठेवतात’ याला एक नामी प्रयोग आठवतो. सौदी अरेबियात रियाध शहरात संशोधकांनी तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांनी खाजगीत होकार दिला. मग विचारलं, तुमच्या आजूबाजूच्या पुरुषांपैकी किती जण हो म्हणाले असतील? त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी निघाला. प्रत्येक जण ‘मला चालेल, पण लोकांना चालणार नाही’ असं धरून बसलेला. त्यांच्यातल्या काहींना खरा आकडा सांगितला, तेव्हा बायकोचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवायला ते जास्त तयार झाले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या बायकांनी नोकरीसाठी अर्ज केल्याचंही जास्त आढळलं. सासूबाईंना एकट्या गाठून विचारा, ‘लोकांचं राहू द्या, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ कदाचित त्यांना खरोखरच नातवाची काळजी असेल, मग त्यावर बोलता येईल. कदाचित स्वतःची सुटलेली नोकरी किंवा राहून गेलेलं शिक्षण निघेल. ‘लोक’ या शब्दाशी मात्र भांडता येत नाही, म्हणून तो आधी बाजूला काढायचा.

आता त्या फोनबद्दल. दुपारी तीनला पाळणाघरातून फोन येतो, ‘बाळाला ताप आहे, घेऊन जा.’ हा फोन कोणाला येतो, हे पत्रात लिहिलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर पहिल्या रकान्यात तुमचा नंबर आहे, दुसऱ्यात नवऱ्याचा, आणि दुसऱ्यापर्यंत कोणी जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरच्यांचं करावं लागतं म्हणून जगातल्या ७० कोटी ८० लाख बायका कमाईच्या कामापासून दूर आहेत. याच कारणाने दूर असलेले पुरुष सुमारे ४ कोटी. या प्रचंड आकड्याची सुरुवात अशाच एखाद्या फॉर्मवरच्या पहिल्या रकान्यापासून होते. उद्या जाऊन नंबरांचा क्रम बदला. निदान आठवड्यातल्या दोन ठराविक दिवसांसाठी तरी.

‘मी मदत करीन’ यावर मात्र समाधान मानू नका. नुसती मुभा असली की कोणी वापरत नाही, हे जपानने दाखवून दिलं. तिथे कायद्याने बापाला वर्षभराची रजा केव्हापासूनच घेता येते, पण २०१७ च्या सुमारास शंभरातले जेमतेम पाच बाप ती घेत होते. मग २०२२ पासून नियम आला की मूल होणार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कंपनीने स्वतःहून रजेबद्दल सांगायचं आणि तो घेणार का ते विचारायचं. बाकीही काही बदल झाले, आणि २०२३ मध्ये रजा घेणाऱ्या बापांचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. स्वीडनचे बुडणारे ९० दिवस हीच गोष्ट सांगतात. घरातही काम नाव घेऊन आणि वार ठरवून दिलं तरच ते दुसऱ्याचं होतं. मंगळवार आणि गुरुवार नवऱ्याचे: सोडणं, आणणं, ताप, लसीकरण, मुलीच्या शाळेचा निरोप, सगळं. त्या दिवशी तुम्ही आठवण करून द्यायची नाही, आणि डबा विसरला तर धावत जायचं नाही. ही दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. (आइसलंडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला घरचं आणि बाहेरचं सगळं काम एक दिवस बंद ठेवलं होतं. बाप मुलांना घेऊन ऑफिसात गेले. तुम्हाला संप करा म्हणत नाही, पण गोष्ट घरात सांगायला हरकत नाही.)

राहिला अर्धवेळचा प्रश्न. मागा, पण मैत्रिणीच्या जर्मनीकडून एक गोष्ट शिकून मागा. तिथे अर्धवेळ मागायचा हक्क बायकांना मिळाला, पण परत पूर्णवेळ व्हायचा हक्क नव्हता, आणि मुलं मोठी झाली तरी त्या तिथेच अडकल्या. शेवटी २०१९ मध्ये कायदा करावा लागला: ४५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करता येतात आणि मुदत संपली की आपोआप पूर्णवेळ. तुमच्याकडे असा कायदा असेल-नसेल. अर्जात मात्र ही अट घालता येते. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आठवड्याला इतके तास, त्यानंतर पूर्वीचे तास आणि पूर्वीचं पद.’ तोंडी नको, ईमेलवर. आणि तास कमी होताना काम तेवढंच राहणार नाही याची यादीही सोबत जोडा. पगार निम्मा आणि काम पाऊणपट, असं गळ्यात पडलेल्या बायकांची पत्रं या सदराकडे नेहमी येतात.

अर्ज करायच्या आधी एक तयारी करा. गोल्डिन यांनी सहकाऱ्याबरोबर अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचा धंदा तपासला होता. एकट्या मालकाची दुकानं जाऊन मोठ्या साखळ्या आल्या, रुग्णांची माहिती संगणकावर गेली, एका फार्मासिस्टचं गिऱ्हाईक दुसऱ्याला सहज सांभाळता येऊ लागलं. तेव्हापासून त्या धंद्यात कमी तास काम केलं तर पगार फक्त तेवढ्या तासांपुरताच कमी होतो, वेगळा दंड बसत नाही, आणि स्त्री-पुरुषांच्या पगारातलं अंतरही घटलं. तुमच्या विभागात महिनाअखेर कोणाच्या डोक्यात आहे? बँकेचा ताळमेळ कोणत्या क्रमाने करायचा, कुठल्या पुरवठादाराची बिलं नेहमी अडकतात, हे फक्त तुम्हालाच माहीत असेल तर साहेब अर्धवेळ देणार नाहीत, आणि दिलं तरी रात्री फोन येत राहतील. ते सगळं लिहून काढा, एका सहकाऱ्याला दोन महिने शेजारी बसवा. लोक घाबरतात की असं केलं तर आपली गरजच उरणार नाही. तुम्ही जो अर्ज करणार आहात त्याला मंजुरी मिळायला, तुम्ही नसताना दोन दिवस काही अडलं नाही हे साहेबांनी बघितलेलं असणंच उपयोगी पडेल.

नाहीच म्हणाले, तर लगेच राजीनाम्यावर येऊ नका. बिनपगारी रजा किती मिळते, घरून काम आठवड्यातून किती दिवस चालतं, महिनाअखेरचे दिवस सोडून बाकीच्या दिवशी लवकर निघता येईल का, हे तिन्ही विचारा, आणि नकारसुद्धा ईमेलवरच मागा. वर्षभराने साहेब बदलले की तोच अर्ज नव्या तारखा घालून परत पाठवता येतो.